तुम्ही विचारलंत म्हणून: बाटली आधी की जागा?

प्रश्न जवळजवळ नेहमी एकाच रूपात येतो. "चांगल्या वाइनचा संग्रह सुरू करायचाय, पहिली बाटली कोणती घेऊ?" विचारणाऱ्याला एखादं नाव हवं असतं, फ्रान्सच्या बोर्दो भागातलं नाही तर बर्गंडीतलं, निदान एखादं गाजलेलं साल तरी. माझं उत्तर दर वेळी तेच असतं: आधी सांगा, ती बाटली पुढची दहा-पंधरा वर्षं कुठे पडून राहणार? एकाच मळ्यातल्या, एकाच दिवशी भरलेल्या दोन बाटल्या वीस वर्षांनी शेजारी ठेवून उघडल्या, तर एक टवटवीत आणि दुसरी पार थकलेली निघू शकते. दोघींनी मधली वर्षं कुठे काढली, एवढाच काय तो फरक असतो. जुनी वाइन विकत घेताना आपण द्राक्षांइतकेच तिने काढलेल्या दिवसांचे पैसे मोजत असतो.

जागेचं पहिलं माप तापमानाचं. 12 ते 13 अंश सेल्सिअस उत्तम, 10 ते 15 मध्ये काही बिघडत नाही. 18 अंशांवर स्थिर राहिलेली वाइन लवकर मुरते, पण नासत नाही. खरा घात होतो तो चढउतारामुळे. वाइन तापली की फुगते. 750 मिलिलिटरच्या बाटलीत दर अंशाला साधारण पाव मिलिलिटर धरा. बुचाखालची रिकामी जागा जेमतेम चार-पाच मिलिलिटर असते. पारा 15-20 अंशांनी चढला की ती भरते, दाब बुचावर येतो, बूच वर सरकतं किंवा त्याच्या कडेने वाइन पाझरते. थंड झाल्यावर तीच बाटली बाहेरची हवा आत ओढते. असं वारंवार झालं की वाइन ऑक्सिजनने मरते. 30 अंशांच्या पुढे काही दिवस गेले, तर ताज्या फळाच्या जागी शिजवलेल्या मुरांब्यासारखा वास येतो आणि तो कुठल्याही डिकँटरने, म्हणजे हवा लागावी म्हणून वाइन ओतून ठेवायच्या भांड्याने, जात नाही.

आर्द्रता 60 ते 70 टक्के ठेवावी. वर्षानुवर्षं 50 च्या खाली राहिली तर बुचाचं बाहेरचं टोक सुकतं, 80 च्या वर गेली तर लेबलांना बुरशी लागते. बुरशीने आतल्या वाइनचं काही बिघडत नाही, पण पुढे विकायची झाली तर भाव पडतो, म्हणून लेबलावर पातळ प्लॅस्टिकचा थर गुंडाळतात. उजेडाबाबत कुठलीही सूट देऊ नये. पारदर्शक काचेतली शँपेन तीव्र उजेडात काही तासांतच बिघडते आणि तिला उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. कंपनाचा बाऊ जरा जास्तच केला जातो असं मला वाटतं. यंत्राच्या डोक्यावर बाटल्या रचू नका, एवढं पुरे. आडवं ठेवायचं ते बुचाच्या बाटलीला, बूच ओलं राहावं म्हणून. स्क्रू कॅपला त्याची गरज नाही. मदेरा ही पोर्तुगालच्या बेटावरची कडक वाइन तर उभीच ठेवतात, कारण तिची आम्लता आणि जास्तीचं अल्कोहोल बूच खात जातं.

तळघर नसेल तर वाइन कॅबिनेट घ्यावं लागतं आणि इथे पहिली चूक होते. थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेलं कॅबिनेट आवाज करत नाही, पण खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जाऊ शकतं. खोली तापली की तेही हरतं. लांबच्या साठवणीसाठी कॉम्प्रेसरचंच घ्यावं, आणि मागे गरम हवा सुटायला उत्पादकाने सांगितलेली जागा मोकळी सोडावी. दुसरी चूक क्षमतेची. जाहिरातीतला आकडा बोर्दोच्या सरळ खांद्याच्या, साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या बाटल्यांचा असतो. बर्गंडीची बाटली त्याहून रुंद आणि शँपेनची तर जवळजवळ नऊ सेंटिमीटर, त्यामुळे मिश्र संग्रहात आकड्यातल्या चौथ्या हिश्श्यावर पाणी सोडावं लागतं. दारावरचा आकडा हवेचं तापमान दाखवतो. वाइनचं जाणून घ्यायचं असेल तर पाण्याने भरलेल्या बाटलीत थर्मामीटरची तार सोडून ती मधल्या फळीवर ठेवा आणि दुसरी सगळ्यात वरच्या फळीवर. दोन्हींत तीन-चार अंशांचा फरक दिसला तर लवकर प्यायच्या बाटल्या वर आणि मुरवायच्या खाली. वीज गेली तर दार उघडू नका. भरलेल्या कॅबिनेटमधलं द्रव काही तास सहज तग धरतं. साधा फ्रिज काही आठवड्यांपुरता ठीक, वर्षांसाठी नाही, तिथे थंडी जास्त आणि हवा कोरडी.

आता किती बाटल्या? हा हिशेब फार कमी लोक करतात, आणि नंतर घर बाटल्यांनी भरतं. आठवड्याला एक मुरलेली बाटली उघडायची आणि सरासरी दहा वर्षं थांबायचं ठरवलं, तर वर्षाला 52 बाटल्या आत जाणार आणि दहा वर्षांनी 520 बाटल्यांची जागा कायमची लागणार. महिन्याला एकच उघडणार असाल तर 120 पुरतात. आधी हा आकडा काढा, कॅबिनेट त्यावरून घ्या, बाटल्या सगळ्यात शेवटी.

आणि बाटल्या सुट्या घेऊ नका, निदान सहा-सहाच्या गटाने घ्या. माझा सगळ्यात ठाम सल्ला हाच. वेगवेगळ्या नावांची एकेक बाटली जमवली की फळी दिसायला श्रीमंत दिसते, पण कुठलीच उघडायचा धीर होत नाही, कारण उघडली की संपली. सहा असल्या की पहिली पाचव्या वर्षी उघडून बघता येते. बऱ्याच लाल वाइन मधली काही वर्षं मिटून बसतात, तारुण्यातलं फळ ओसरलेलं असतं आणि मुरल्याचा गंध अजून आलेला नसतो. त्या काळात एकुलती एक बाटली उघडणारा माणूस वाइनला नावं ठेवतो. सहा असलेला तीन वर्षं थांबतो. शिवाय बुचाचा दोष कुणाच्याही वाट्याला येतो. ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाचं संयुग लिटरला काही नॅनोग्रॅम असलं तरी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि फळ मुकं होतं.

"जुनी म्हणजे चांगली" हेही इथेच निकालात काढू. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यावी म्हणूनच बनते. मुरायला आतून काहीतरी धरून ठेवणारं लागतं: टॅनिन (द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा), आम्लता, साखर, आणि या सगळ्यांना पुरून उरेल इतकं फळ. चांगला बारोलो, ही इटलीतली लाल वाइन, दहा वर्षांच्या आत उघडला तर टॅनिन हिरड्यांना धरतं. वरच्या दर्जाच्या बोर्दोला पंधरा-वीस वर्षं मानवतात, विंटेज पोर्टला, म्हणजे एकाच सालाच्या गोड पोर्तुगीज वाइनला, त्याहून जास्त. गोडसर जर्मन रीसलिंग ही पांढरी वाइन अल्कोहोल कमी असूनही आम्लतेच्या जोरावर दशकं काढते. नवख्यांनी दुर्लक्षिलेली सगळ्यात मोलाची वाइन माझ्या मते हीच. उलट पांढऱ्या बर्गंडीवर फार काळ भरवसा ठेवू नये. 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या सालांत अवेळी ऑक्सिडेशनचा, म्हणजे वेळेआधीच ऑक्सिजनने मरण्याचा, त्रास दिसू लागला. एकाच पेटीतली एक बाटली उत्तम आणि शेजारची तपकिरी, असं होतं. आठ वर्षांच्या आत पिऊन टाका. शँपेन घेताना मागच्या लेबलावर गाळ काढल्याची (बाटलीत बसलेला यीस्टचा गाळ काढून पक्कं बूच लावल्याची) तारीख शोधा, कारण तिथून तिचं दुसरं आयुष्य सुरू होतं. क्रूग या शँपेन उत्पादकाच्या बाटलीवरच्या सहा आकडी क्रमांकात पहिला आकडा तिमाही सांगतो, पुढचे दोन वर्ष.

जुनी बाटली दुसऱ्याकडून घ्यायची झाली की डोळे उघडे ठेवायचे. पातळी बघा. बोर्दोची वीस वर्षांची बाटली मानेच्या तळापर्यंत तरी भरलेली हवी. चाळीस वर्षांच्या बाटलीत खांद्याच्या वरच्या भागापर्यंत उतरलेली चालते, खांद्याच्या मध्याखाली गेली असेल तर सोडून द्या. बर्गंडीच्या बाटलीला उतरते खांदे, म्हणून तिथे बूच आणि वाइन यांच्यातलं अंतर मोजतात: तीन सेंटिमीटरपर्यंत निर्धास्त, पाचच्या पुढे सावध. पन्नास वर्षांची बाटली काठोकाठ भरलेली असेल आणि बूच बदलल्याची नोंद नसेल, तर तोही संशयाचाच मुद्दा. कॅप्सूलखाली, म्हणजे बुचावरच्या टोपणाखाली, चिकट ओघळ किंवा वर आलेलं बूच दिसलं की किंमत कितीही मोहाची असो, हात आखडता घ्या. मग विचारा: पहिल्यांदा कुणी घेतली, कधी, कुठल्या गोदामात होती, पावती आहे का, मूळ लाकडी पेटी आहे का? "चांगल्या ठिकाणी होती" हे उत्तर म्हणजे उत्तर नव्हे.

मोठ्या नावांच्या बाबतीत नकलांची भीती खरी आहे. 2008 साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीतल्या दोमेन पाँसो या उत्पादकाच्या, क्लो सँ-दनी मळ्याच्या 1945 ते 1971 या सालांच्या बाटल्या आल्या. त्या घराण्याचे लोराँ पाँसो यांनी त्या मागे घ्यायला लावल्या, कारण त्यांच्या घराण्याने ती वाइन बनवायला सुरुवातच 1982 मध्ये केली होती. त्या बाटल्या देणाऱ्या रुडी कुर्नियावानला 2014 मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. यातून घेण्यासारखी गोष्ट अगदी साधी: लेबलाचा कागद तपासण्याआधी ती वाइन त्या साली, त्या आकाराच्या बाटलीत बनत होती का ते तपासा. नंतर अतिनील दिवा. उजळपणा आणणारी रसायनं कागदात साधारण 1950 च्या दशकापासून आली, तेव्हा 1945 चं लेबल दिव्याखाली निळसर चमकलं तर बाटली घेऊ नका.

दर्जाच्या याद्या इथे कामाला येत नाहीत. बोर्दोच्या मळ्यांची श्रेणी ठरवणाऱ्या 1855 च्या वर्गवारीत वरच्या पायरीवर झालेला बदल एकच, 1973 मध्ये मूतों रोत्शिल्ड हा मळा दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेला. ती यादी मळ्याबद्दल बोलते, तुमच्या हातातल्या बाटलीबद्दल चकार शब्द काढत नाही.

बाजाराबद्दल हमखास विचारतात. हाँगकाँगने 2008 मध्ये वाइनवरचा कर उठवला आणि बोर्दोच्या लाफित या नामांकित वाइनचे भाव आभाळाला भिडले, 2011 च्या मध्यानंतर घसरले. पुढची चढण 2022 च्या शरदात संपली आणि 2023, 2024 दोन्ही वर्षं लिव्ह-एक्स या वाइनच्या व्यापारी बाजाराचे निर्देशांक उतरत राहिले. पिणारेही कमी झालेत: 2024 चा जागतिक खप 1961 नंतरचा सगळ्यात कमी होता. नफ्यासाठी घेणाऱ्याला ही बातमी वाईट, पिण्यासाठी घेणाऱ्याला चांगली. मुरलेल्या, नीट ठेवलेल्या पेट्या आता बाजारात येतायत आणि घाई करायचं कारण उरलेलं नाही. याच कारणाने आँ प्रीमूर, म्हणजे पिंपात असतानाच पैसे भरून दोनेक वर्षांनी बाटली घेण्याची पद्धत, मला आता फारशी पटत नाही. अलीकडची बरीच सालं बाटलीत आल्यावर त्याच किंवा कमी भावात मिळाली. मॅग्नम, म्हणजे दुप्पट मोठी बाटली, हवी असेल किंवा उत्पादनच चिमूटभर असेल तर जरूर करा, पण पेटी तुमच्या नावावर वेगळी नोंदलेली राहील हे लेखी घ्या. तसं नसेल आणि व्यापारी बुडाला, तर तुम्ही पैसे येणे असलेल्या बाकीच्यांच्या रांगेत उभे. लिलावात बोली लावताना वरचं कमिशन, बहुतेकदा 20 ते 25 टक्के, आधी वजा करून आपली मर्यादा ठरवा.

हवामानाचाही हिशेब धरावा लागतो. कापणी लवकर येते, अल्कोहोल चढतं, बोर्दोने 2021 मध्ये द्राक्षाच्या सहा नव्या जाती प्रयोगादाखल मान्य केल्या. जुन्या सालांवरून बांधलेले "कधी प्यावी" याचे अंदाज नव्या, उष्ण सालांना जसेच्या तसे लावू नका. वहीत पिण्याचा काळ पेन्सिलीने लिहा. वहीत बाकी असावं: उत्पादक, साल, आकार, कुठून आणि कधी घेतली, कुठल्या खणात आहे, किती उरल्या, आणि प्रत्येक उघडलेल्या बाटलीखाली दोन ओळी.

शेवटी उघडणं. वीस वर्षांच्या पुढची बाटली दीड-दोन दिवस आधी उभी करा, गाळ तळाला बसू द्या. जुनं बूच साध्या स्क्रूने तुटतं, म्हणून दोन पात्यांचा काढणारा, किंवा स्क्रू आणि पाती एकत्र असलेला वापरा. कॅप्सूल पूर्ण काढून टाका, मानेमागे दिवा धरा आणि एकदाही बाटली सरळ न करता संथ धारेने ओता. गाळाची पहिली रेघ मानेत शिरली की थांबा. साधारण पाऊण पेला मागे राहील, तो सोडून द्यायचा. तरुण बारोलोला दोन तास हवा चालेल, पण चाळीस वर्षांच्या बर्गंडीचा पहिला गंध पंधरा-वीस मिनिटांत उडून जाऊ शकतो. तिला डिकँटर दाखवू नका, थेट पेल्यात ओता आणि सगळे जमल्यावरच उघडा.