बॅकअपचं वेळापत्रक डिझाइन करताना आईच्या कालनिर्णयवरचा खाडा कामाला आला

मी इंदूरला विजयनगरमधे एका सॉफ्टवेअर कंपनीत डिझायनर आहे, आणि मागच्या वर्षी माझ्याकडे मोठ्या कंपन्यांच्या डेटा बॅकअपचं शेड्यूलिंगचं पान नव्याने करायचं काम आलं. म्हणजे कुठला सर्व्हर, किती वाजता, फुल (सगळा डेटा) की इन्क्रिमेंटल (मागच्या बॅकअपनंतरचे फक्त बदल), कॉपी किती दिवस ठेवायची हे सगळं जिथे ठरतं ते. जुन्या पानावर नुसती क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामची, पाच खणांची ओळ होती, मिनिट तास तारीख महिना वार, ज्याला येते त्यालाच ती येते. आणि येणाराही फसतो हो, तारखेच्या खणात 1 आणि वाराच्या खणात रविवार टाकला की वाटतं एक तारखेला रविवार आला तरच जॉब, म्हणजे ते ठरवलेलं काम, चालेल, पण क्रॉन तो दर 1 तारखेलाही चालवतं आणि दर रविवारीही.

माझं पहिलं डिझाइन म्हणजे आठवड्याचं कॅलेंडर, रंगीत ठोकळे, माऊसने उचला आणि हवं तिथे ठेवा. ऑफिसात सगळ्यांना आवडलं. मग ते घेऊन मी पीथमपूरच्या एका कारखान्यात गेले, तिथे बॅकअप बघणारे ॲडमिन आमच्या रामबागेतलेच निघाले, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊंनी शुक्रवारी रात्री 11 ला फुल बॅकअपचा ठोकळा ठेवला, तो एक तासाचा दिसला, तर म्हणाले, "ताई, हा सकाळी आठपर्यंत चालतो. सुरू कधी करायचा ते माझ्या हातात, संपणार कधी ते डेटाच्या हातात." शिवाय रात्री 12 ला कॅलेंडरने त्याच जॉबचे दोन तुकडे केले, एक शुक्रवारच्या रकान्यात, एक शनिवारच्या, आणि त्यांना ते दोन वेगळे जॉब वाटले.

घरी येताना बसमधे तेच डोक्यात. आपल्या सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाली की खाण्याची दुकानं लागतात, तिथे 12 वाजता तारीख बदलते पण कुणाचा दिवस संपत नाही, मग बॅकअपचा का संपवायचा? मी दिवस दुपारी 12 ते दुसऱ्या दिवशी दुपारी 12 असा आडवा काढला, एकेका सर्व्हरची एकेक ओळ, आणि अख्खी रात्र मधोमध सलग आली. सुरू व्हायची वेळ ठळक रेघ, तिच्यामागे फिकट शेपूट, मागच्या दहा वेळा जॉबला जितका वेळ लागला त्यावरून काढलेलं. दोन जॉबची शेपटं एकाच टेप ड्राइव्हवर, म्हणजे बॅकअप टेपवर लिहिणाऱ्या यंत्रावर, आली की दुसरा जॉब थांबलेला दाखवायचा. आणि वेळ टाइप करायची सोय परत आणली, कारण दोनशे जॉब असले की माऊसने ढकलत कोण बसणार, भाऊंना सरळ 22:15 टाकायचं होतं.

तारखांनी फार छळलं. 31 तारखेचा जॉब वर्षात सातच महिने चालणार, म्हणून "महिन्याचा शेवटचा दिवस" हा वेगळा पर्याय दिला. न्यूयॉर्कच्या ऑफिसातल्या सर्व्हरचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी रात्री 2 वरून एकदम 3 वर जातं, म्हणजे अडीचचा जॉब त्या रात्री येतच नाही, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी रात्रीचा दीड दोनदा वाजतो. भारतात घड्याळ पुढेमागे होत नाही त्यामुळे आमच्यातल्या कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं. शेवटी नियमाच्या शेजारीच जॉब पुढे कधी कधी चालेल त्या तीस वेळा तारीख-वारासकट छापून टाकल्या, चूक असली की तिथेच दिसते.

पण माझं मन ज्यात सगळ्यात जास्त गुंतलं ते वेगळंच. कॅलेंडरवर ठरलेलं सगळं दिसत होतं, जे झालंच नाही ते कुठे दिसणार? एरर आला तर लाल खूण होती, पण सर्व्हरच बंद असला तर एररसुद्धा येत नाही, जागा रिकामी, आणि रिकाम्या जागेकडे कोणाचं लक्ष जातं? स्वयंपाकघरात आई कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहीत होती. दूध आलं त्या दिवशी ती काहीच लिहीत नाही, नाही आलं की त्या तारखेवर फुली, खाडा. महिनाअखेरी नुसते खाडे मोजते.

तसाच खाडा मी ओळीवर आणला, ठरलेल्या वेळी जॉब सुरूच झाला नाही तर रिकाम्या जागी जाड फुली, रंग ओळखू न येणाऱ्यालाही दिसेल अशी. यात एक फरक जपावा लागला. मंगळवारची इन्क्रिमेंटल झालीच नाही तर बुधवारची सोमवारनंतरचे सगळे बदल घेते, फक्त मंगळवारच्या स्थितीला परत जाता येत नाही. पण मंगळवारची झाली आणि कॉपी खराब निघाली तर पुढच्या फुलपर्यंतच्या सगळ्या इन्क्रिमेंटल तिच्यावर अडकून बसतात. म्हणून खराब कॉपीनंतरची सगळी साखळी तुटक रेघेने जोडून दाखवली.

नवीन पान भाऊंना दाखवायला गेले तेव्हा त्यांचा खरा डेटा त्यात भरला होता. वरच्या ओळी बघत बघत ते खाली आले आणि हिशेब विभागाच्या जुन्या सर्व्हरवर बोट ठेवून थांबले, सलग चार खाडे. काही न बोलता त्यांनी फोन उचलला, "अरे, तो सर्व्हर कोणी बंद केलाय का?" आणि मला खुणेनेच बसायला सांगितलं.