नियम पुसू नका, त्याला तारीख लावा

रत्नागिरीत बसून मी सहकारी बँकांसाठी आयटी कम्प्लायन्सचं, म्हणजे संगणकाबाबतचे सरकारी नियम पाळले जातायत का ते तपासणारं सॉफ्टवेअर सांभाळते. नवं सर्क्युलर आलं की फोन ठरलेला, "मॅडम, तेवढा आकडा बदलून टाका ना."

नुसता आकडा मी बदलत नाही.

लॉगचंच घ्या, म्हणजे कोणी कधी लॉगिन केलं, काय केलं याच्या संगणकाने ठेवलेल्या नोंदी. सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची केंद्र सरकारी संस्था; तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम एक वर्ष म्हणतात, पण ती तरतूद लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. आज १८० खोडून ३६५ लिहिलं, तर काटेकोरपणे नियम पाळणारी शाखाही रिपोर्टमध्ये लाल दिसणार. ऑडिटरसमोर मॅनेजरने काय सांगायचं? म्हणून आमच्याकडे प्रत्येक नियमाची स्वतंत्र नोंद असते: कुठल्या कागदातलं कलम, कोणाला लागू, कधीपासून, कधीपर्यंत. त्या दिवशीचं काम त्या दिवशीच्या नियमाने तपासायचं. शिवाय नवा नियम आला म्हणून जुना संपतोच असं नाही. सायबर घटना सर्ट-इनला सहा तासांत कळवायची हे आजही आहे. डेटा फुटला तर पुढे डेटा संरक्षण मंडळालाही बहात्तर तासांत सविस्तर माहिती द्यायची आहे. घटना एकच, मुदती दोन. शाखेतल्या माणसाने माहिती एकदाच भरायची, दोन्हीकडचे मसुदे सॉफ्टवेअरने काढून द्यायचे, यावर मी अडून बसते.

सर्ट-इनच्या निर्देशांमधलं सगळ्यात दुर्लक्षित कलम घड्याळाचं. सर्व्हरची वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या अचूक वेळ देणाऱ्या टाइम सर्व्हरशी जुळलेली हवी. देवरुखकडच्या एका शाखेत पावसात वरचेवर लाईट जाते. मदरबोर्डवरचा सेल मेलेला, नेटही बंद. सर्व्हर उठला की घड्याळ मागेच. एकदा फायरवॉलच्या (नेटवरून येणारी-जाणारी वाहतूक तपासणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगमध्ये ११:२० ला दिसणारं लॉगिन सर्व्हरवर ११:०७ ला झालेलं दिसत होतं. अशा वेळी सहा तास मोजायचे कुठून? आता रोज सकाळी शाखा उघडायच्या आत सॉफ्टवेअर सर्व्हर आणि फायरवॉल या दोन्हींवरची वेळ ताडून बघतं आणि फरक दिसला की थेट मॅनेजरला मेसेज जातो. नवीन सेल पन्नास-शंभर रुपयांत येतो, तो बदलून घ्या असं मी प्रत्येक शाखेला सांगते.

सध्या खातं उघडण्याचे फॉर्म मागवतेय. कुठल्या रकान्यात ग्राहकाची कसली संमती घेतली आहे, हे मे २०२७ च्या, म्हणजे डेटा संरक्षण नियमांची अठरा महिन्यांची मुदत संपण्याच्या, बरंच आधी कळायला हवं. ज्या शाखांनी अजून पाठवले नाहीत, त्यांनी या आठवड्यात पाठवा.