हात दाखवला तर बाहुली मरते का?

बाहुलीकाराच्या आयुष्यावर टीव्हीसाठी माहितीपट करायचा म्हटलं की हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो आणि शेवटच्या संकलनापर्यंत पाठ सोडत नाही: बाहुलीत घातलेला हात दाखवायचा का? दाखवला तर गंमत जाईल, मुलं हिरमुसतील, खुद्द कलाकारालाही ते रुचणार नाही, अशी धास्ती असते.

हात दाखवाच. कधी, किती वेळ आणि कुठून दाखवायचा, एवढंच नीट ठरवा.

हात दिसल्याने बाहुली मरत असती तर अर्धवटराव केव्हाच गप्प झाले असते. या बाहुल्याला बोलतं करणारे रामदास पाध्ये त्यांच्या शेजारीच असतात, लपलेले नसतात, तरी आपण उत्तराची वाट अर्धवटरावांकडे बघूनच पाहतो. जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्यात तर एका बाहुलीला तीन माणसं लागतात. मुख्य कलाकार डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. दोन साहाय्यक काळ्या बुरख्यात असतात, मुख्य कलाकाराचा चेहरा मात्र पुष्कळदा उघडा असतो. मॉस्कोत १९३१ साली बाहुली रंगभूमी उभारणारे सेर्गेई ओब्राझत्सोव यांनी आणखी पुढची पायरी गाठली. दोन्ही तर्जनींवर चेंडूएवढं डोकं, बाकी उघडे हात. कपडे नाहीत, पडदा नाही. तरी प्रेक्षकाला दोन माणसं दिसत.

हे कशामुळे घडतं, ते कळलं की कॅमेरा कुठे लावायचा हेही कळतं. कलाकाराची नजर बाहुलीवर असते, आणि समोरचा जिकडे बघतो तिकडे आपण बघतो. त्याने एकदा लेन्सकडे पाहिलं की आपण त्याच्याकडे पाहू लागतो आणि बाहुली कापडाची होते. म्हणून बाहुली हातात असताना कलाकाराची मुलाखत घेऊ नका. आयुष्याबद्दलचे प्रश्न बाहुली खाली ठेवल्यावर विचारा. बाहुलीला प्रश्न विचारायचा असेल तर विचारणाऱ्याने तिच्या डोळ्यांत बघून विचारावा, तिच्या मालकाकडे बघून नव्हे. चित्रीकरणात ही चूक सर्रास होते आणि संकलनात ती दुरुस्त करता येत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी वीस-तीस सेकंद बाहुली एकटी, छातीपासून वर. ती कोण आहे, कशी बोलते, कशावर चिडते हे कळू द्या. मग कट न करता, त्याच शॉटमध्ये कॅमेरा सावकाश खाली आणा: मनगट, कोपर, खांदा, चेहरा. तिथे चार-पाच सेकंद थांबा आणि पुन्हा वर जा. वर गेल्यावर बाहुली अजून जिवंत असते, आणि हे प्रेक्षकाला स्वतःला जाणवतं. तिथे निवेदनाची गरज नाही. उलट क्रमाने, म्हणजे आधी हात आणि मग बाहुली असं दाखवलंत, तर तो यंत्रणाच शोधत राहतो.

कॅमेऱ्याची उंची बाहुलीच्या डोळ्यांइतकी हवी. माणसाच्या उंचीवर लावलेला कॅमेरा तिला वरून बघतो आणि ती खेळणं दिसते. हातमोजा बाहुलीत मनगट पुढे झुकवावं लागतं, नाहीतर तिची नजर छताला लागते. हात दमला की दोन गोष्टी लागोपाठ होतात: मनगट सरळ होतं आणि बाहुली हळूहळू फ्रेमखाली बुडते. डोक्यावर हात धरून दोन-तीन मिनिटांहून लांब टेक मागू नका. प्रकाशयोजना करताना बाहुली स्टँडवर लावा. कलाकाराला त्यासाठी अर्धा तास उभं केलंत, तर खऱ्या टेकला त्याच्या खांद्यात जीव उरत नाही.

टीव्हीवरच्या बाहुलीकाराची गोष्ट करत असाल तर मॉनिटर दाखवायला विसरू नका. 'मपेट्स' या टीव्ही-बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन यांनी आईच्या जुन्या कोटाचं कापड आणि पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे घेऊन १९५५ साली कर्मिट हा बाहुला बनवला. त्यांच्या पद्धतीत फ्रेमच्या कडा हाच रंगमंच असतो. कलाकार खाली बसून बाहुलीकडे बघतच नाही, मॉनिटरकडे बघतो, म्हणजे प्रेक्षकाला जे दिसतं तेच. ही प्रतिमा आरशासारखी उलटलेली नसते. नवशिका बाहुलीला डावीकडे न्यायला जातो आणि पडद्यावर ती भलतीकडेच सरकते. सवय व्हायला बराच काळ लागतो. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातला 'बिग बर्ड' हा आठ फुटांहून उंच पक्षी कॅरोल स्पिनी यांनी १९६९ पासून साकारला. उजवा हात डोक्यावर सरळ, चोच त्या हातात, पापण्यांची कळ करंगळीला. डावा हात डाव्या पंखात. उजवा पंख मासेमारीच्या दोऱ्याने डाव्याला जोडलेला, म्हणून एक खाली गेला की दुसरा वर येतो. बाहेरचं थेट काही दिसत नाही, छातीला बांधलेल्या छोट्या मॉनिटरवर सगळी भिस्त. एवढं कळल्यावर पक्षी खोटा वाटू लागत नाही, उलट त्याचं एक साधं 'हॅलो'सुद्धा आपण श्वास रोखून बघतो. हात दाखवायचा तो यासाठी.

सूत्रबाहुलीचं, म्हणजे दोऱ्यांनी नाचवायच्या बाहुलीचं, गणित वेगळं. राजस्थानी कठपुतळीला दोऱ्या बांधायचा लाकडी नियंत्रक नसतो, मोजक्या दोऱ्या थेट बोटांत असतात. पाय नसतात, घोळदार घागऱ्याचा झोकाच चाल दाखवतो. इथे फक्त बाहुलीचे क्लोजअप घेतलेत तर अर्धी कला फ्रेमबाहेर राहिली. बोटं आणि बाहुली एकत्र दिसतील असा उभा पट्टा एका कॅमेऱ्याने कायम धरून ठेवा. दोऱ्या झाकायच्याच असतील तर मागचा प्रकाश कमी करा. नायलॉनचा दोरा चमकतो, काळा सुती दोरा गडद पार्श्वभूमीवर विरून जातो.

छायाबाहुलीसाठी, म्हणजे जिची सावली पडद्यावर दाखवतात तिच्यासाठी, कॅमेऱ्याचं स्वयंचलित एक्स्पोजर बंद करा. मोठी चामडी बाहुली पडद्यावर आली-गेली की उजेड बदलतो, कॅमेरा तो भरून काढायला धावतो आणि चित्र धपापू लागतं. ५० हर्ट्झ वीज असलेल्या ठिकाणी शटर १/५० सेकंद ठेवा, लुकलुक बरीच टळते.

आवाजाकडे दुर्लक्ष होतं आणि तिथेच हे माहितीपट गडगडतात. छातीवर लावलेला माइक हात वर जाताच कापडाशी घासतो, शिवाय तोंड छताकडे वळलेलं असतं. माइक कपाळपट्टीवर लावा. शब्दभ्रमकाराचं, म्हणजे ओठ न हलवता बाहुलीचा आवाज काढणाऱ्याचं, चित्रण करताना ओठांचा क्लोजअप घ्यायचा मोह होतो. जरूर घ्या, पण काय दाखवायचं ते ठरवून घ्या. प, फ, ब, भ, म हा सगळा वर्ग ओठ मिटल्याशिवाय निघत नाही. कलाकार ते जिभेने भागवतो: 'म'च्या जागी 'न'च्या जवळचा आवाज, 'ब'च्या जागी 'द'च्या जवळचा, आणि बाकीचं काम बाहुलीचं मिटणारं तोंड करतं. 'बाबा' हा शब्द त्याच्याकडून सावकाश, मग वेगाने म्हणवून घ्या. एका मिनिटात सगळी विद्या समोर येते.

बाहुलीचं तोंड उघडताना अंगठा खाली गेला पाहिजे. चार बोटं वर उडाली तर डबीचं झाकण उघडल्यासारखं दिसतं आणि प्रत्येक अक्षराला डोळे आभाळाकडे जातात. हा फरक बाजूने, सेकंदाला ५० फ्रेमने घेऊन २५ने, म्हणजे निम्म्या वेगाने, दाखवला की छान कळतो. मात्र तिथे मूळ आवाज जुळणार नाही, तो भाग मुकाच ठेवा.

संकलकाला एक विनंती करून ठेवा: शांतता कापू नका. बोलण्याआधी बाहुली मान वळवते, थबकते, ती दहा-बारा फ्रेम म्हणजे तिचा विचार. माणसाच्या मुलाखतीत ती काटछाट खपते. बाहुलीच्या बाबतीत तसं केलं की ती ठोकळा होते.

जुन्या कार्यक्रमांच्या टेप सगळ्यात आधी शोधा. टेप महाग असताना अनेक वाहिन्या त्या पुसून पुन्हा वापरत, त्यामुळे पटकथेत गृहीत धरलेला प्रसंग उरलेलाच नसतो. सापडली तरी स्वतः लावून बघू नका. चिकट झालेली टेप एकदाच चालेल अशी शक्यता असते, ती वेळ डिजिटल नक्कल करण्यासाठी राखून ठेवा.

आणि जुनी फोमची बाहुली असेल तर तिच्यात हात घालण्याचा आग्रह धरू नका. पॉलियुरेथेन फोम वर्षांनुवर्षं पिवळा पडत जातो आणि बोट लागताच भुगा होतो. तिला स्टँडवर ठेवून चित्रित करा. मग काळ्या पडद्यासमोर, एका बाजूच्या प्रकाशात, कलाकाराला रिकाम्या हाताने तीच बाहुली करायला सांगा. कोपरापासून वरचा हात, आवाज बाहुलीचाच, सलग दोन मिनिटं. कट करू नका.