उंबऱ्याबाहेरची धूळ

शेजारच्या सोन्याच्या दागिन्यांच्या कारखान्यात आज पायरी थेट गटारापर्यंत त्यांनीच झाडून घेतली. सोनारांच्या दारातली धूळ झाडून नेऊन त्यातलं सोनं काढणारी झारेकरीण आली, बघितलं आणि पुढं निघून गेली. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. ती धूळ कोणाची?

आतल्या धुळीचा वाद नाही. व्यापारी सोनं तोलून देतो, दागिना तोलून घेतो, कामात किती सोनं कमी भरायचं ती घट ठरलेली. घट त्याच्या वर गेली की कारागिराच्या खिशातून. म्हणून कानशीचा कीस थाळीत धरायचा, बफिंगची धूळ पेटीत, हात धुतलेलं पाणी पिंपात निवळत ठेवायचं. सोनं वितळवायच्या फुटक्या मुशी, जुनी चटई, फडकीसुद्धा टाकायची नाहीत. तोळा लाखापार गेल्यापासून गिऱ्हाईक जुनंच मोडून हलकं करून मागतं. मजुरीचं तर बोलायलाच नको. अशा दिवसांत पायरीवरचा कणही डोळ्यात भरतो, हे कळतं मला.

पण पायांना, केसांना, कपड्यांना चिकटून बाहेर गेलेल्या सोन्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही. ते धुळीतून निघतं कसं, तेही बघा. धूळ आधी जाळायची, नाहीतर तेलकटपणामुळं बारीक कण पाण्यावर तरंगून वाहून जातात. मग लोहचुंबकानं लोखंड काढायचं, पाटीत खळखळून माती घालवायची, उरलेल्यात सोनं धरायला पारा घोळवून कापडातून पिळायचा. पारा उडवताना वाफ छातीत जाते, आणि हे सगळं बहुतेक एकाच खोलीत. पुढं सोनं गाळून शुद्ध करणारा गलाईवाला. आमच्याकडं तो सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचाच. तो त्यात चांदी घालून सोनं चौथाईवर आणतो, नाहीतर तेजाब, म्हणजे ॲसिड, आतपर्यंत पोचतच नाही. तेजाबात चांदी विरघळते, खाली सोन्याची तपकिरी भुकटी उरते, ती टाकणखार घालून वितळवायची.

एवढं करून एखाद्या खेपेला हाती काहीच येत नाही.

कायदाही आठवून पाहिला. १८७८चा निखात निधीचा कायदा जमिनीत दडवलेल्या धनाचा आहे. गटारात कुणी काही दडवलेलं नाही, ते आमच्याच पायांनी गेलंय. मग कोणाचं? जो ते जाळतो, धुतो, त्याचं, असंच मला वाटतं.

शेजाऱ्याचा राग नाही. त्याची दोन बाकडी रिकामी आहेत. पण थोड्याशा धुळीला तेजाबाचा खर्चही परवडत नाही, महिनोन्‌महिने साठवावी लागेल.

आमची पायरी झारेकरणीसाठीच राहील. वाचवायचं ते आत वाचवू. उद्या दाराच्या आतल्या बाजूला काथ्याचं पायपुसणं टाकायचं, आणि जाताना प्रत्येकानं त्याच्यावरच कपडे झटकायचे.