क्लेअरमधलं भुकेलं गवत

मोहरचे कडे सगळेच बघून येतात. आम्ही मे महिन्यात आयर्लंडच्या क्लेअर काउंटीत तीन दिवस काढले ते भुतं आणि झाडपाल्यासाठी.

पहिला मुक्काम फीकल. बिडी अर्ली ही वैदूबाई इथलीच. झाडपाल्याचं औषध द्यायची, पैसे न घेता दारू नाहीतर खाणंपिणं घ्यायची. तिच्या निळ्या बाटलीत पुढचं दिसे म्हणतात. १८६५ साली एनिसला तिच्यावर चेटकाचा खटला झाला, पण साक्षीला कोण उभं राहणार? सुटली. १८७४ मध्ये ती गेल्यावर पाद्र्याने बाटली किलबॅरन तळ्यात भिरकावली, अशी दंतकथा. तळं शांत, सुंदर आहे. बाटली शोधायला उतरू नका. तिच्या घराचे पडके अवशेष बघायचे तर आधी गावात विचारा, परस्पर शेतात शिरू नका.

लाटूनचं हॉथॉर्न, म्हणजे पऱ्यांचं मानलेलं काटेरी झुडूप, एम१८ महामार्गालगत आहे. १९९९ मध्ये ते रस्त्यात जाणार होतं. कथेकरी एडी लेनिहन यांनी रान उठवलं आणि झुडूप वाचलं. मुंज्याच्या पिंपळाला हात लावायला आपल्याकडे कोण धजतो? तसंच हे. महामार्गावर गाडी थांबवता येत नाही, जाता जाताच बघा. हॉथॉर्नची फुलं इथे घरात आणत नाहीत, मरण येतं म्हणे. एका बांधावर वास घेतला आणि पटलं: त्या फुलांत ट्रायमिथाइलअमिन असतं, सडक्या मांसातही तेच.

मला सर्वात भिडलं ते ‘फेअर गोर्ताख’, भुकेलं गवत. १८४५ नंतरच्या दुष्काळात जिथे माणसं उपाशी पडली, तिथे ते उगवतं म्हणतात. पाय पडला की एकदम भुकेने जीव कासावीस होतो. उतारा म्हणजे भाकरीचा तुकडा. आमच्या घरमालकीणबाईंनी निघताना खिशात ओटची बिस्किटं कोंबली, हसत, पण कोंबलीच.

क्लेअरमधल्याच बरेन या खडकाळ भागात चुनखडकावर ती बिस्किटं कामी आली, कारण तिथे मैलोन्‌मैल दुकान नाही. खडकांच्या भेगांत निळी जेन्शियन फुललेली होती. फुलं तोडू नका, दगड हलवू नका. घोटा सांभाळणारे बूट हवेतच. भेगेत पाय गेला की भुताची गरज उरत नाही. फॉक्सग्लोव्ह हे फुलझाड विषारी आहे. त्याची कोवळी पानं कॉम्फ्री या झाडपाल्याच्या औषधातल्या वनस्पतीसारखी दिसतात, तेव्हा पाला चाखून बघायची हौस नको. गाडी भाड्यानेच घ्या, बस कमी आहेत. आणि शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो.