ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी

सुट्ट्यांमध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली तरुण मंडळी आता तारकर्लीला किंवा अंदमानला जाऊन स्कूबा डायव्हिंग करून येतात, आणि त्याचा त्रास एखाद्याला समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, घरी परतल्यावरही जाणवू शकतो. "पायाले मुंग्या येऊन राहिल्या, खांदा ठणकून राहिला," एवढेच रुग्ण सांगतो. कापूस वेचणीच्या हंगामात अशा तक्रारी रोजच्याच असल्याने समुद्राचा विषय निघत नाही. तो डॉक्टरनेच काढला पाहिजे.

पाण्याखाली दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन त्या प्रमाणात शरीरात विरघळतो. घाईने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात; या आजाराला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात. सांधेदुखी, कातडीवर निळसर-तांबूस जाळी, भोवळ, पायांतली शक्ती जाणे, लघवी अडकणे ही लक्षणे बहुधा २४ तासांच्या आत दिसतात. तारकर्लीची पर्यटकांची बुडी उथळ असल्याने तिथे हा धोका कमीच. मात्र श्वास रोखून वर येणाऱ्याचे फुफ्फुस फाटून हवा मेंदूकडे जाण्याचा प्रकार अगदी थोड्या खोलीतही घडतो, आणि तो मिनिटांत बेशुद्ध करतो.

संशय आला की रुग्णाला आडवे निजवून पिशवी जोडलेल्या (नॉन-रिब्रीदर) मास्कने मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन सुरू करावा. करोनापासून आपल्याला बोटावरच्या आकड्याची इतकी सवय झाली आहे की ९८ दिसताच सिस्टर सिलिंडर बंद करतात. पण इथे ऑक्सिजन द्यायचा तो नायट्रोजन बाहेर काढण्यासाठी, त्यामुळे तो आकडा गैरलागू ठरतो. शुद्धीवर असल्यास पाणी पाजावे. वेदनाशामक इंजेक्शनाने बरे वाटले म्हणून घरी पाठवू नये, कारण खरा उपचार प्रेशर चेंबरमध्येच होतो: १८ मीटर खोलीइतक्या दाबाखाली ऑक्सिजन देऊन, सुमारे पावणेपाच तास. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात ही सोय आहे. उशीर झाला म्हणून पाठवणे टाळू नये, काही दिवसांनंतरही गुण येतो.

सहलीचे बेत आखणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि सलग काही दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, हा नियम अंदमानला जाणाऱ्यांना बहुधा सांगितला जातो. मालवणहून गाडीने परतणाऱ्यांना घाटाबद्दल कोणी बोलत नाही. आंबोलीला रस्ता सुमारे ७०० मीटर उंचीवर जातो आणि तिथे हवेचा दाब कमी असतो, म्हणून शेवटच्या सकाळी बुडी आणि दुपारी घाट असा कार्यक्रम ठेवण्यापेक्षा बुडी पहिल्या दिवशी उरकावी.