मामाच्या वहीतलं फाईन

परवा क्लासमध्ये मराठी करायला एक वाक्य दिलं होतं, 'अ फाईन रेन वॉज फॉलिंग.' राजारामपुरीत माझी संध्याकाळची इंग्रजीची बॅच असते. निम्मी पोरं कॉलेजची, निम्मी कुठं ना कुठं कामाला. सगळ्यांनी लिहिलं, 'छान पाऊस पडत होता.'

बाहेर जुलै. राजाराम बंधारा पाण्याखाली, आणि बाकाखाली मोबाईल धरून पंचगंगेची पातळी बघणं चाललेलं. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे २०१९ च्या महापुरापासून इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. म्हटलं, "आत्ता कोल्हापुरात पावसाला छान म्हणणारा कोण हाय रे?"

मागच्या बाकावरनं उत्तर आलं, "सर, पुण्याचा असंल."

फाईन रेन म्हणजे बारीक पाऊस. भुरभुर. छत्री उघडावी की नको, असा. आणि फाईन डे म्हणजे मात्र पाऊस नसलेला, उघडीप पडलेला दिवस. शब्द तोच, पावसाला लावला की बारीक, दिवसाला लावला की लख्ख. पोरांच्या तोंडावर 'हे काय नवीन' असं स्पष्ट दिसत होतं. मला त्यांचा राग येत नाही, कारण या शब्दानं मला त्यांच्याहून लहान वयात फसवलंय.

माझा मामा हुपरीचा, पैंजणाच्या कामातला. सुट्टीत मी तिकडंच असायचो. मामी चिमट्यानं कड्या जोडत बसलेली, मामा भट्टीपाशी, आणि कोनाड्यात लाल कापडी पुठ्ठ्याची वही. सहावीत असताना ती उघडून बघितली, तर पानोपानी फाईन. फाईन ६००. फाईन ४५०. फाईन बाकी १२०. मला फाईन एकच ठाऊक होता: शाळेच्या लायब्ररीत पुस्तक उशिरा दिलं की भरायचा तो. मामाला दर आठवड्याला एवढा दंड कोण करतंय, या काळजीनं मी त्या रात्री नीट जेवलोसुद्धा नाही. शेवटी मामीनं विचारलं आणि मी सांगून टाकलं. मामा इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग त्यानं वही पुढ्यात घेऊन समजावलं. व्यापारी शुद्ध चांदी देतो, ती फाईन. तिच्यात तांबं मिसळून आपण माल करतो. माल साठ टंचाचा असला, तर किलोभर पैंजणात फाईन किती? सहाशे ग्रॅम. हिशेब मालाच्या वजनावर नाही, त्यातल्या फाईनवर. "वजन कायबी सांगतंय रं," मामा म्हणाला, "आत फाईन किती ते बघायचं." मजुरीसुद्धा बऱ्याचदा फाईनमध्येच धरली जायची. टक्केवारी मला शाळेत नाही, त्या वहीवर समजली.

मामाचं फाईन आणि लायब्ररीचा फाईन सख्खे भाऊ आहेत, हे कळायला मात्र पुढं बरीच वर्षं गेली. दोघांचं मूळ लॅटिन 'फिनिस', म्हणजे शेवट. एखादी वस्तू शेवटापर्यंत नेली, आता याच्यापुढं सुधारायला काही उरलं नाही, तर ती फ्रेंचांच्या तोंडी 'फिन' झाली. शुद्ध, उत्तम. तेच विशेषण इंग्रजीत आलं. उत्तम कापड तलम, उत्तम कारागिरी नाजूक, असं करत करत तलम, बारीक हे अर्थही त्याला चिकटले. बँकेच्या कागदावर शेवटी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असतं ते फाईन प्रिंट याच घरातलं. दुसरीकडं, भांडण किंवा देणं मिटवायला, म्हणजे त्याचा शेवट करायला भरायची रक्कम, तोही फाईन. पाटीपाटीवर दिसणारं फायनान्स याच कुळीतलं. तेव्हा सिग्नलला हेल्मेट नाही म्हणून पावती फाडली जाते, तेव्हा तेवढ्यापुरतं तरी प्रकरण मिटलं असं समजायचं. माझं तीनदा मिटलंय.

खरी गंमत बोलण्यात होते. मामेभाऊ पुण्यात आयटीत आहे. एकदा त्यानं कंपनीतला एक इंग्लंडचा पाहुणा घरी जेवायला आणला. तांबडा, पांढरा, सुकं मटण. पाहुणा घामाघूम, नाक पुसतोय, पण खातोय. मामी पळी घेऊन आली तसा तो हात आडवा करून म्हणाला, "आयॅम फाईन, आयॅम फाईन."

मामीचं फाईनचं ज्ञान चांदीतलं. ती खूश. "फाईन म्हंतोय की! थांब, मी वाढतो." आणि पळीभर तांबडा वाटीत.

तो पुन्हा म्हणाला, "नो, रिअली, आयॅम फाईन." दुसरी पळी.

तिसऱ्या पळीला मी मधे पडलो. अशा वेळी फाईन म्हणजे चांगलं नव्हे, 'पुरे, नको'. मामी माझ्याकडंच संशयानं बघत म्हणाली, "मग तसं म्हनायचं. चांगलं हाय चांगलं हाय म्हनून कोण नको म्हंतंय?"

मामीला त्या वेळी सांगायला हवं होतं की आपलं 'बरं'ही काही साधं नाही. 'बरं आहे' म्हणजे तब्येत ठीक. 'बरं' म्हणजे होकार. आणि लग्नाला वीस वर्षं झालेल्या बायकोनं भांडणाच्या शेवटी नुसतं 'बरं' म्हटलं, की समजायचं काहीही बरं नाही. इंग्रजीतलं एकशब्दी 'फाईन.' अगदी त्याच सुरात येतं. बॅचमधल्या लग्न झालेल्यांना हा अर्थ मला कधी शिकवावा लागला नाही.

मामा आता सत्तरी ओलांडून पुढं. भट्टी बंद, साखर वाढलेली, गुडघा धरलेला. परवा क्लास सुटल्यावर फोन केला, पावसाचं विचारलं, मग म्हटलं, "तब्येत काय म्हणतीय मामा? फाईन?"

"फाईन कसलं रं," तो म्हणाला, "साठ टंच."